डायलिसिसच्या पेशंटचे पाय कोण बघणार?

संपादक साहेब, नमस्कार,

आमचे हे ६१ वर्षांचे, आजारी पडायच्या आधी रोज सकाळी पर्वती चढायचे, १०३ पायऱ्या, कुठे न थांबता. आता डायलिसिसचं चौथं वर्ष, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनवर, आणि पीएमपीच्या बसची पहिली पायरी सुद्धा माझा हात धरल्याशिवाय चढता येत नाही. पाय चक्क काटक्या झालेत. मला वाटायचं किडनी गेली की असंच होणार, वय पण झालंय, म्हणून कुणाला विचारलं पण नाही.

सेंटरमध्ये माणसं चांगली आहेत, तक्रार नाही. वजन बघतात, बीपी बघतात, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम सगळं बघतात, पण "जरा खुर्चीवरून उठून दाखवा काका" असं चार वर्षांत एकदाही कोणी म्हणलं नाही. शेवटी एका फिजिओ मॅडमनी समजावून सांगितलं की रक्त साफ होताना अमिनो ॲसिड, म्हणजे प्रोटीनचे बारीक घटक, पण वाहून जातात, त्यात डायलिसिसच्या दिवशी माणूस थकून दिवसभर आडवा, म्हणून मांड्यांचे स्नायू आधी जातात. आणि जेवणाचं तर आमचं पूर्ण चुकलंच होतं! डायलिसिस सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांनी प्रोटीन कमी करा सांगितलेलं, ते आम्ही नंतरही तसंच पाळत बसलो, अंडं बंद, डाळ पातळ पाणी. खरं तर डायलिसिसवर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. हे कोणीतरी आम्हाला बसवून सांगायला हवं होतं, त्याचं मला अजून फार वाईट वाटतं.

जर्मनीत २१ सेंटरमध्ये मोठा अभ्यास झाला, २०२३ ला छापून आला. पेशंटकडून मशीन चालू असतानाच पडल्या पडल्या पेडल मारून घेतले, थोडा ताकदीचा व्यायाम पण. वर्षभरानी ते एका मिनिटात खुर्चीवरून साधारण १६ वेळा उठायचे ते १९ वेळा उठायला लागले, आणि व्यायाम न केलेले होते त्याच्याही खाली गेले. अर्थात हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचंच, आणि मशीन चालू असताना फिस्टुलाचा, म्हणजे ज्याच्यात मशीनच्या सुया टोचलेल्या असतात तो, हात हलवायचा नाही. व्यायाम पहिल्या दोन तासांतच बरा, नंतर बीपी पडायची भीती असते.

मग पुण्यात एवढी सेंटर आहेत, धर्मादाय आहेत, सरकारी योजनेतली आहेत, तिथे आठवड्यातून एकदा फिजिओ का येऊ शकत नाही? महिन्यातून एकदा पायाची ताकद मोजून फाईलमध्ये लिहायला काय लागतं, एक खुर्ची आणि मोबाईलचं घड्याळ. हे आता घरी रोज कट्ट्याला धरून उठबस करतात, चारवरून नऊवर आलेत. पेडल आम्ही आणून देतो, कोणीतरी फक्त बेडला लावू द्या.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे