स्टेज डोअरच्या रांगेतल्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही, पत्ता तर नाहीच. म्हणून हे पत्र असं उघड्यावरच लिहितेय. लंडनला शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यूवरच्या एका थिएटरात शनिवारी रात्री म्युझिकलचा प्रयोग सुटला होता. मी आणि माझी लेक मागच्या गल्लीत, नटमंडळी जिथून बाहेर पडतात त्या स्टेज डोअरशी, लोखंडी कठड्याला टेकून उभ्या होतो. ‘कुणी यायचं नाही गं आता,’ असं मी तिला म्हणतेय तोच शेजारून तुमचा आवाज आला, ‘येतील हो. पण तुम्ही जिची वाट बघताय ती सगळ्यात शेवटी.’ परक्या गल्लीत मराठी ऐकून आम्ही दोघीही दचकलो, आणि पुढचा पाऊण तास तुम्ही आमच्या झालात.

ती, म्हणजे प्रमुख नटी, शेवटी का, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला पहिल्यांदा दाराच्या आतली बाजू दिसली. विगखाली केस पिनांनी घट्ट बसवलेले, त्यातच माइकची वायर. ते सगळं सोडवायचं, मेकअप उतरवायचा, कधी फिजिओकडून खांदा दाबून घ्यायचा, शिवाय ड्रेसिंग रूममध्ये पाहुणे बसलेले. कोरसमधली मुलं त्या मानाने लवकर मोकळी होतात आणि शेवटची गाडी पकडायला पळतात. आठवड्याला आठ प्रयोग. त्यातही तो शनिवार, म्हणजे दुपारचा एक करून रात्रीचा दुसरा. ‘दोन खेळांच्या मध्ये कधी इथे उभ्या राहू नका,’ असं तुम्ही बजावलंत. तेवढ्या वेळात त्यांना जेवायचं असतं, जमलं तर अर्धा तास पाठ टेकायची असते. पडदा वर जायच्या पस्तीस मिनिटं आधी ‘हाफ’ पुकारतात, तेव्हा सगळे हजर लागतात. अर्ध्या तासाला पस्तीस मिनिटं कशी, यावर लेकीने तुमच्याशी वाद घातला होता. (शेवटची हाक पडदा उघडायच्या पाच मिनिटं आधी असते, हिशोब तिथून धरतात. हे तिला पटलंय असं तिने अजूनही कबूल केलेलं नाही.)

दाराबाहेर येणं हे त्यांच्या कामात मोडत नाही, हे तुमचं वाक्य माझ्या मनात पक्कं बसलं. तिकिटाच्या पैशांत टाळ्यांपर्यंतचा हिशोब चुकता झालेला असतो. पुढचं सगळं त्यांच्या खुशीचं. कुणी मान खाली घालून निघून गेलं तर तो शिष्टपणा नाही. उद्याच्या गाण्यासाठी घसा राखायचा म्हणून काही जण बोलतच नाहीत, नुसतं हसतात. एक जण असाच हात जोडून गेला तेव्हा मागचे दोघे कुरकुरले. तुम्ही वळून नुसतं पाहिलंत, बोलला नाहीत. मला ते फार आवडलं.

तो कठडा मला आधी अपमानास्पद वाटला होता. जनावरांना अडवावं तसा. पण तुम्ही १८९० च्या दशकातली गोष्ट सांगितलीत. स्ट्रँडवरच्या गेइटी थिएटरच्या नट्यांसाठी पैसेवाले तरुण फुलं घेऊन मागच्या दाराशी ताटकळायचे, आणि त्यांना ‘स्टेज डोअर जॉनी’ असं नावच पडलं होतं. बाईने रात्री कामावरून निघायचं ते या घोळक्यातून. ते ऐकल्यावर कठड्याबद्दल माझी काही तक्रार उरली नाही. आजही न विचारता खांद्यावर हात टाकून सेल्फी घेणारे आहेतच. आणि ते सह्यांचे व्यापारी! एकाच नटाचे चार-चार फोटो पुढे करणारे. ‘कुणाच्या नावाने सही करू?’ असं नट विचारतात ते निव्वळ आपुलकीने नाही, नाव घातलं की ती सही विकायला अवघड जाते, हे तुम्ही कानात सांगितलंत. त्यानंतर प्रत्येक वेळी लेक आपलं नाव आधीच मोठ्याने सांगायला लागली.

पण तुमचे आभार मानायचे आहेत ते खरं म्हणजे त्या निळ्या टोपीवाल्या मुलासाठी.

तो बाहेर आला तेव्हा पाठीवर सॅक, कानात इयरफोन. गर्दीतून कुणी हललंसुद्धा नाही. तुम्ही लेकीला कोपराने ढोसलंत. ‘हा आज स्विंग होता. फॉयरमधला बदलाचा कागद वाचला नाहीस?’ आज कुणाच्या जागी कोण, ते सांगणारा तो कागद तुम्ही वाचला होतात. अंडरस्टडी, म्हणजे गैरहजर नटाच्या जागी उभा राहणारा, निदान ठरावीक भूमिकेसाठी तयार असतो. स्विंगला मात्र कोरसमधल्या कितीतरी जणांच्या जागा, सूर, उचलायच्या वस्तू, कुणाच्या डावीकडून निघायचं आणि कुणाला झेलायचं, हे सगळं पाठ ठेवावं लागतं. कुठल्या संध्याकाळी कुणाच्या जागी उभं राहायचं हे कधी दुपारी कळतं, तर कधी चालू प्रयोगातच. मग तुम्ही लेकीला म्हणालात, ‘छान केलंस एवढंच नको सांगूस. काय पाहिलंस ते सांग.’

तिने सांगितलं. जिन्यावरच्या नाचात एकाची छत्री उघडलीच नाही, तेव्हा शेजारच्या मुलाने आपली छत्री दोघांच्या डोक्यावर धरली आणि पाऊल चुकू दिलं नाही. तो शेजारचा मुलगा म्हणजे हाच. त्याने इयरफोन काढले. ‘तुला दिसलं ते?’ असं त्याने दोनदा विचारलं. मग कठड्याशी उकिडवा बसून त्याने तिला सगळं सविस्तर सांगितलं: ती जागा त्याने पहिल्यांदाच केली होती आणि आपली पावलं तो मनात मोजत होता. प्रमुख नटी दरम्यान येऊन सह्या करून गेलीसुद्धा. लेकीने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा छत्रीची गोष्ट ऐकू लागली.

तुम्ही नसतात तर आम्ही एक सही घेऊन हॉटेलवर गेलो असतो. तेही वाईट नव्हतं म्हणा.

निघताना तुम्ही २०२० बद्दल बोललात. मार्चमध्ये थिएटरं बंद झाली, पुन्हा उघडल्यावरही कितीतरी ठिकाणी कलाकारांना दाराशी थांबायची मनाई होती. तेव्हाही तुम्ही प्रयोगानंतर लांबच्या फुटपाथवरून टाळ्या वाजवून घरी जायचात. हे तुम्ही अगदी सहज सांगितलंत. मला काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून आज लिहितेय.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलं नाही. फोटो मागायचाच नाही, त्याने रांग अडते, हा तुमचा नियम. नंतर एका दुसऱ्या थिएटरबाहेर ट्रॉम्बोनची पेटी खांद्याला लावून एक काका त्याच दारातून निघाले. वाद्यवृंदातली मंडळीही तिथूनच जातात, त्यांना कुणी थांबवत नाही. लेकीने थांबवलं. त्यांना आधी वाटलं, ती रस्ता विचारतेय. सही हवी म्हटल्यावर त्यांनी पेटी खाली ठेवली, चष्मा काढला आणि प्रोग्रॅममध्ये स्वतःचं नाव कुठे छापलंय ते शोधत बसले. मग मी फोटो काढलाच. त्यांना विचारून, आणि रांग नव्हतीच.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
कठड्याशी भेटलेली एक आई