मुक्ताच्या नावाबद्दल, बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

बारसं झालं, जन्मदाखला हातात आला, त्यावर ‘मुक्ता’ हे नाव छापलेलं पाहिलं आणि पहिली आठवण तुमची झाली. तुमचे आभार फोनवरच्या दोन वाक्यांत उरकण्यासारखे नाहीत. हे पत्र कुणालाही वाचता येईल असं लिहिते आहे, कारण लेकीसाठी नाव शोधणाऱ्या प्रत्येक घराला तुमच्यासारखं कुणीतरी भेटावं असं मनापासून वाटतं.

साहित्यातलं नाव ठेवायचं एवढंच आमचं ठरलं होतं. मोबाइलवरच्या याद्यांमधून निवडलेली नावं घेऊन आम्ही दोघं तुमच्याकडे आलो. तुम्ही प्रत्येक नावापुढे एकच विचारलंत, की पुस्तकात हिचं पुढे काय होतं? बाळाच्या बाबांना ‘देवयानी’ आवडलं होतं. तिला विहिरीत कुणी ढकललं, मग शर्मिष्ठेला तिची दासी का व्हावं लागलं, हे तुम्ही आम्हालाच सांगायला लावलंत. दुःख वाट्याला आलेल्या नायिकेचं नाव ठेवू नये, असं तुमचं म्हणणं नव्हतं. नाव ठेवणाऱ्याला ती गोष्ट माहीत असावी, एवढाच तुमचा आग्रह होता.

‘प्रियंवदा’पाशी तर आम्ही बराच वेळ रेंगाळलो. शकुंतलेची गोड बोलणारी मैत्रीण, इतकीच तिची आम्हाला ओळख. चौथ्या अंकात दुर्वास शाप देऊन निघून जातात, तेव्हा त्यांच्या मागे जाऊन विनवणी करणारी आणि खुणेचा दागिना पाहिला की शाप सरेल एवढं पदरात पाडून घेणारी प्रियंवदाच, हे तुम्ही ओळ काढून दाखवलंत. नात्यात एक प्रियंवदा आधीच आहे, म्हणून ते नाव मागे पडलं. पण कालिदासाचं ते नाटक त्या निमित्ताने आमच्या घरात पुन्हा वाचलं गेलं, तेही तुमच्यामुळेच.

मग तुम्ही ‘मुक्ता’ म्हणालात. खानदेशात हे नाव घरोघरी. मुक्ताईनगरहून दर आषाढीला आई मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते, आणि आमच्या गल्लीत एक तरी मुक्ताबाई आजी असतेच. सासूबाईंना म्हणूनच ते जुनं वाटलं. तुम्ही बाळाला पाहायला आलात तेव्हा त्यांच्याशी वाद घातला नाहीत. बाळाला मांडीवर घेऊन नुसतं ‘योगी पावन मनाचा’ म्हणालात, आणि पुढची ओळ सासूबाईंच्याच तोंडून आली, ‘साही अपराध जनाचा’. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसलेत आणि चौघा भावंडांत सगळ्यात धाकटी बहीण मुक्ताई बाहेरून त्यांना समजावते आहे, हा प्रसंग मग सासूबाईंनीच आम्हाला सांगितला. ‘विश्व रागें झाले वन्ही, संतें सुखें व्हावें पाणी’ ही ओळ म्हणताना त्यांचा आवाज भरून आला होता. नावाला त्यांचा विरोध उरला नाही. अक्षर राशीशी जुळत नव्हतं, त्यावर राशीचं वेगळं नाव पत्रिकेत ठेवायचा उपाय त्यांनीच काढला.

जाताना तुम्ही एक वही दिलीत, त्यात तुमच्या अक्षरात तीन मुक्ता. पहिली थेरीगाथेतली, म्हणजे बौद्ध भिक्खुणींच्या पाली कवितांच्या संग्रहातली मुत्ता. आपण तीन वाकड्या गोष्टींतून सुटलो असं ती भिक्खुणी सांगते: उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा. इतक्या जुन्या काळात एक बाई स्वयंपाकघराच्या कष्टांचं नाव घेऊन सुटकेचा आनंद गाते, हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. दुसरी आपली मुक्ताई, चौदाशे वर्षांचा म्हणवणारा चांगदेव जिच्यापुढे शिष्य होऊन बसला. आणि तिसरी मुक्ता साळवे.

हिच्याबद्दल मला मनमोकळं सांगायचं आहे. सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेल्या या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, मग आमचा धर्मग्रंथ कोणता, असं ती त्यात थेट देवाला विचारते. त्यातच ती आपल्या वस्तीतल्या बायकांच्या बाळंतपणाबद्दल लिहिते. घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडी, वारा, पाऊस सोसत त्या बाळंत होतात. हे वाचलं तेव्हा मी माहेरी, बंद खोलीत, शेगडीच्या उबेत, तेल-मालीश करून घेत पडले होते. बाळ शेजारी झोपलेलं. त्या शाळकरी मुलीने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या आयांसाठी लेखणी उचलली, त्यांच्यापैकी कुणाची मुलगी माझ्या मुलीसारखीच दुलईत गुरफटून झोपली असेल का, हा विचार डोक्यातून जाईना. नाव माझ्यापुरतं त्याच दुपारी ठरलं. साहित्यातलं नाव म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे नाटकं आणि कादंबऱ्याच यायच्या. एका विद्यार्थिनीच्या निबंधापर्यंत तुम्ही आम्हाला नेलंत, याचं ऋण सगळ्यात मोठं आहे.

बारशाला आत्याने कानात नाव सांगितलं, पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या, आणि जमलेल्या बायकांनी तुम्हालाच नावाबद्दल बोलायला लावलं. तुम्ही थेरीगाथेतल्या त्या तीन वाकड्या गोष्टी सांगितल्यात तेव्हा माजघरात केवढं हसू फुटलं! नंतर आमची शेजारीण मला आत बोलावून म्हणाली, तो मुक्ता साळव्यांचा निबंध मला वाचायला दे. मी वही दिली. तिने आपल्या सातवीतल्या मुलीकडून तो पूर्ण उतरवून घेतला.

बाई, वही आता परत आली आहे आणि तिची मागची पानं कोरी आहेत. तुम्हाला आणखी एखादी मुक्ता सापडली तर तुमच्याच हाताने तिथे लिहा. आणि लेक वाचायला लागली की मराठी शिकायला तिला तुमच्याकडेच पाठवणार आहे. वयाचं कारण सांगून नाही म्हणू नका.

तुमची विद्यार्थिनी,
मुक्ताची आई