पॅडिंग बंद करू नका, आधी बाइट जुळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका ॲप्लिकेशनने एन्क्रिप्ट केलेली स्ट्रिंग दुसऱ्याला डिक्रिप्ट करता आली नाही की बहुधा पॅडिंगचा (मजकूर 16 बाइटच्या पटीत आणायला शेवटी जोडलेल्या जादा बाइटांचा) एरर येतो, आणि पुष्कळ जण पॅडिंगची तपासणीच बंद करून टाकतात. एरर जातो, पण हाती कचरा लागतो. पॅडिंग तपासले जाते ते डिक्रिप्शन झाल्यावर; त्यामुळे किल्ली चुकली तरी तोच एरर दिसतो. ही सवय सुटावी म्हणून हे पत्र.

एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीच्या सीबीसी मोडमध्ये (यात 16 बाइटचा प्रत्येक ठोकळा आधीच्या ठोकळ्याशी जोडलेला असतो) दोष कुठे आहे ते लक्षणावरून बरेचसे कळते. पहिले 16 बाइट बिघडलेले आणि पुढचा मजकूर नीट असेल, तर आयव्ही, म्हणजे पहिल्या ठोकळ्यासाठी लागणारे सुरुवातीचे 16 बाइट, जुळलेला नाही. सगळाच मजकूर बिघडला असेल तर किल्ली किंवा मोड तपासावा. जावात नुसते 'एईएस' लिहिले तर ईसीबी मोड (यात प्रत्येक ठोकळा स्वतंत्र) गृहीत धरला जातो, डॉटनेटमध्ये सीबीसी. सिफरटेक्स्टची, म्हणजे एन्क्रिप्ट झालेल्या मजकुराची, लांबी 16 च्या पटीत नसेल, तर ते वाटेतच बिघडले. बेस64 मधले (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची ही पद्धत) अधिक चिन्ह यूआरएलमधून जाताना रिकामी जागा बनते, हे त्याचे नेहमीचे कारण. आणि सिफरटेक्स्टचे बाइट थेट यूटीएफ-8 स्ट्रिंगमध्ये बदलले असतील, तर ते परत मिळत नाहीत. तिथे आधी बेस64च करायला हवे.

किल्लीचा घोळ सर्वांत फसवा. हेक्समध्ये प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहितात, म्हणून हेक्समधली 64 अक्षरे म्हणजे 32 बाइट. एका बाजूने ती हेक्स म्हणून वाचली आणि दुसरीने साधा मजकूर म्हणून घेतली, तर तिथे 64 बाइट होतात. पीएचपीचे ओपनएसएसएल फंक्शन अशा वेळी जादा बाइट मुकाट्याने कापते. एरर येतच नाही. पासवर्डवरून किल्ली बनवत असाल, तर सॉल्ट (पासवर्डला जोडलेले यादृच्छिक बाइट), आवर्तने (प्रक्रिया किती वेळा केली) आणि हॅश (त्यासाठी वापरलेले फंक्शन) तिन्ही दोन्हीकडे तंतोतंत एकच हवेत.

तपासणीसाठी चाचणीची किल्ली आणि आयव्ही ठरवून दोन्ही बाजूंना मूळ मजकूर, किल्ली, आयव्ही आणि सिफरटेक्स्ट हेक्समध्ये छापावे. पहिली ओळ जिथे वेगळी, तिथेच दोष. मजकूर म्हणून 'मराठी' हा शब्द घ्यावा: यूटीएफ-8 मध्ये तो 15 बाइटचा, यूटीएफ-16 मध्ये 10 बाइटचा, इंग्रजी अक्षरांत लपणारा एन्कोडिंगचा फरक इथे लगेच उघड होतो. चाचणी झाली की ठरावीक आयव्ही काढून टाकावा. प्रत्येक संदेशाला नवा, यादृच्छिक आयव्ही हवा आणि तो सिफरटेक्स्टच्या पुढे जोडून पाठवता येतो.

आपला,
एक वाचक