प्रात्यक्षिकांत डीबगर नीट शिकवा

संपादक महोदय,

सी आणि सी++च्या प्रात्यक्षिकांत चूक शोधायची म्हणजे जागोजागी 'प्रिंटएफ' (किंमत पडद्यावर छापणारी आज्ञा) पेरायचे, ही सवय अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत अजूनही लागते. लिनक्सवर जीडीबी हा डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम हवा तिथे थांबवून आतल्या चुका शोधायचे साधन, फुकट मिळतो. पण तो दाखवला, तरी 'नेक्स्ट' दाबत एकेक ओळ पुढे सरकण्यावरच तास संपतो. कुठे थांबायचे हे जीडीबीलाच सांगता येते, ते शिकवायला हवे.

कंपाइल करताना '-जी' (डीबगरला लागणारी माहिती जोडा) आणि '-ओ०' (ऑप्टिमायझेशन बंद ठेवा) द्यावे. '-ओ२' ठेवले, तर व्हेरिएबलच्या जागी 'ऑप्टिमाइझ्ड आउट' दिसते आणि ओळींचा क्रम उलटसुलट होतो.

लूपच्या कुठल्या फेरीत प्रोग्रॅम कोसळतो, हे कळत नसेल तर लूपमध्ये ब्रेकपॉइंट (थांबण्याची खूण) लावून 'इग्नोअर १ १००००००', म्हणजे 'ब्रेकपॉइंट क्र. १ दहा लाख वेळा सोडून दे', असे द्यावे आणि प्रोग्रॅम चालवावा. कोसळल्यावर 'इन्फो ब्रेकपॉइंट्स' केले की तो ब्रेकपॉइंट किती वेळा लागला ते दिसते. समजा ७३७ वेळा. मग 'इग्नोअर १ ७३६' देऊन पुन्हा 'रन'; नेमक्या त्याच फेरीत, कोसळण्याच्या आधी, थांबता येते. 'ब्रेक ४२ इफ आय == ५००' (आय ५०० झाला तरच ओळ ४२ वर थांब) अशी अटही घालता येते. मात्र ती तपासायला प्रोग्रॅम दर फेरीला थांबतो, म्हणून मोठ्या लूपमध्ये वेग फार पडतो.

व्हेरिएबलची किंमत कोण बिघडवतो, याला 'वॉच'सारखा (किंमत बदलताच थांबवणारी आज्ञा) उपाय नाही. पण लोकल व्हेरिएबलवर लावलेला वॉच फंक्शन संपताच निघून जातो. पॉइंटरमागची जागा पाहायची असेल, तर 'वॉच -लोकेशन' वापरावे. एक्स८६ प्रोसेसरमध्ये अशी पाळत ठेवायला ४ रजिस्टर (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवण-जागा) असतात, प्रत्येकाची पाळत जास्तीत जास्त ८ बाइटवर. त्यात न मावणाऱ्या अख्ख्या अ‍ॅरेवर वॉच लावला, की जीडीबी एकेक इन्स्ट्रक्शन तपासत बसतो आणि प्रोग्रॅम शेकडो पटींनी मंदावतो. विद्यार्थ्यांना वाटते, तो अडकलाच! एकच घटक पाहावा.

'सेगमेंटेशन फॉल्ट' (मेमरीच्या चुकीच्या जागेला हात लावल्याने प्रोग्रॅम कोसळणे) आला, की आधी 'बीटी' (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्याची यादी). वरच्या फ्रेम (यादीतल्या नोंदी) अनेकदा लायब्ररीच्या असतात. आपल्या फाइलचे नाव येईपर्यंत 'अप' करावे आणि 'इन्फो लोकल्स'ने तिथल्या लोकल व्हेरिएबलच्या किमती पाहाव्यात.

प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रश्न असाही हवा: कोसळणारा प्रोग्रॅम द्यावा आणि जीडीबीने दोषाची ओळ शोधायला लावावी. तो प्रश्न आला, की वर्षभर सरावही होईल.

– एक वाचक, पुणे