प्रशिक्षक गेले, घाई मात्र कायम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेब्रास्का विद्यापीठाने आपल्या अमेरिकी फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना ११ सप्टेंबर २०२२ रोजी पदावरून दूर केल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. सततचे पराभव हे त्यामागचे कारण खरेच आहे. परंतु विद्यापीठाच्याच लिंकन शहरात राहून या संघाचे सामने आस्थेने पाहणाऱ्या वाचकाला तेवढ्यावर थांबता येत नाही.

फ्रॉस्ट इथलेच. जन्म लिंकनचा, बालपण वुड रिव्हर या लहानशा गावातले, आणि १९९७ मध्ये एकही सामना न गमावता राष्ट्रीय विजेतेपदाचा मान मिळवणाऱ्या नेब्रास्का संघाचे ते क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारे खेळाडू. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघाला त्यांनी तेराही सामने जिंकून दिल्यावर विद्यापीठाने त्यांना मोठ्या आशेने परत आणले. प्रत्यक्षात ४७ सामन्यांत १६ विजय आणि ३१ पराभव पदरी पडले. २०२१ मध्ये गमावलेले नऊच्या नऊ सामने दहापेक्षा कमी गुणांच्या फरकाने गेले होते. म्हणजे खेळाडूंत धमक होती, कमी पडत होते ते मोक्याच्या क्षणीचे निर्णय. २०२२ मध्ये डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाविरुद्ध २८-१७ अशी आघाडी असताना, चेंडू लगेच परत मिळवण्यासाठी आखूड किक मारण्याचे धाडस त्यांनी केले. चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेला आणि सामना ३१-२८ असा हातचा गेला. पुढे जॉर्जिया सदर्न विद्यापीठानेही घरच्या मैदानावर ४५-४२ असे हरवले. तेव्हा त्यांना हटवणे अन्यायाचे होते, असे मी म्हणणार नाही.

माझा आक्षेप वेळेला आहे. करारानुसार त्यांना हटवण्याची भरपाई १ ऑक्टोबरला सुमारे दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर येणार होती आणि त्याआधी ओक्लाहोमाविरुद्धचा एकच सामना उरला होता, कारण त्यानंतरचा आठवडा विश्रांतीचा होता. एका सामन्यासाठी सुमारे ७५ लाख डॉलर! हा पैसा मुख्यतः तिकिटे, प्रक्षेपण हक्क आणि देणगीदार यांच्याकडून येतो हे मान्य. पण १९६२ पासून मेमोरियल स्टेडियम या घरच्या मैदानावरील प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटे विकत घेणाऱ्या सामान्य पाठीराख्यांचाच तो पैसा आहे.

हा उतावळेपणा नवा नाही. २००३ मध्ये नियमित हंगामात नऊ विजय मिळवूनही तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक फ्रँक सॉलिच यांना काढण्यात आले. नंतरचे एक प्रशिक्षक बो पेलिनी यांच्या सातही हंगामांत संघाने किमान नऊ सामने जिंकले होते, तरी २०१४ मध्ये त्यांनाही जावे लागले. नऊ विजय ज्यांना अपुरे वाटले, त्यांच्या संघाला २०१७ ते २०२१ या काळात एकाही हंगामात सहा विजयही मिळवता आले नाहीत, याची जबाबदारी केवळ फ्रॉस्ट यांच्यावर ढकलून कसे चालेल? प्रत्येक बदलात नवे डावपेच येतात, नवे सहायक येतात, आणि आधीच्या प्रशिक्षकाच्या शब्दावर घर सोडून आलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुले मधल्या मध्ये अडकतात.

२०२२ च्या उर्वरित हंगामाची धुरा सहायक प्रशिक्षक मिकी जोसेफ यांच्याकडे सोपवण्यात आली. कायमस्वरूपी प्रशिक्षक निवडताना विद्यापीठाने किती हंगामांत काय अपेक्षित आहे हे आधीच जाहीर करावे आणि ती मुदत संपेपर्यंत स्वतःही ते पाळावे, एवढीच माझी मागणी आहे.

आपला,
एक मराठी वाचक, लिंकन (नेब्रास्का)