नव्या फूड प्रोसेसरबद्दल, मीनलला

निफाड
वैशाख शुद्ध पंचमी

चि. मीनल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कणीक मळता मळता मशीन अचानक बंद पडलं आणि परत सुरूच होईना, असं तू फोनवर म्हणालीस. ते बिघडलेलं नाही. मोटरवर भार जास्त झाला की आतला ओव्हरलोड स्विच वीज तोडतो, मोटर जळू नये म्हणून. प्लग काढ, पंधरा-वीस मिनिटं मशीन गार होऊ दे, मग उलटं करून तळाचं लाल बटण 'टक्' आवाज येईपर्यंत दाब. मात्र तेवढीच कणीक पुन्हा घातलीस तर पुन्हा तेच होईल.

एका वेळी ३०० ग्रॅमच पीठ घे, तेवढ्यात आठ-दहा पोळ्या होतात. पातं धारेचं नको, कणकेचं बोथट पातं लाव. आधी पातं दांड्यावर पार तळापर्यंत बसव, मग पीठ, मीठ आणि चमचाभर तेल घाल. पीठ आधी घातलंस तर पातं वर अधांतरी राहतं आणि झाकणावर आपटतं. पुस्तिकेत कणकेसाठी जो वेग सांगितलाय त्यावर दहा सेकंद कोरडंच फिरव. मग १८० मिली पाणी झाकणावरच्या नळीतून बारीक धारेने, साधारण अर्ध्या मिनिटात सोड. पाणी एकदम ओतलंस तर खाली चिखल होतो आणि वर कोरडं पीठ राहतं. मिनिटभरात गोळा जमून भांड्याच्या कडा सोडू लागतो. त्यानंतर वीस-तीस सेकंद पुरे. गिरणीचं ताजं पीठ जास्त पाणी पितं, म्हणून २० मिली पाणी हाताशी ठेव आणि चमच्या-चमच्याने घाल. दोन मिनिटांवर मशीन चालवू नकोस: कणीक कोमट होते, ताणली जाते आणि पोळी चिवट होते. गोळा झाकून वीस मिनिटं मुरू दे. घरी पाहुणे असले तर दोन घाण्यांत मळ, मध्ये पाच मिनिटं थांब. भाकरीचं पीठ मात्र यात कधीच घालू नकोस. बाजरी-ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही, ते गरम पाण्यात आयत्या वेळी तळहाताने रगडूनच साधतं.

एक गोष्ट पक्की समजून घे: मोठं भांडं कापतं आणि मळतं, ते वाटत नाही. मिसळीचं वाटण, इडलीचं पीठ, ओली चटणी हे मिक्सरच्या जारचं काम. जार अरुंद असतो, त्यामुळे पदार्थ परत परत पात्यावर पडतो. मोठ्या भांड्यात तेच वाटण कडेला उडून चिकटतं. तू कितीही फिरवलंस तरी खोबऱ्याचे कण तसेच राहतात आणि मोटर तापते ती वेगळीच.

मिसळीसाठी कांदा चिरायला मात्र हे भांडं उत्तम. सोबत उन्हाळ कांदे पाठवतेय. त्यांचे चार तुकडे कर, भांडं अर्ध्यापर्यंतच भर आणि पल्सचं बटण एकेक सेकंद, पाच-सहा वेळाच दाब. दोन झटक्यांनंतर थांबून कडेचा कांदा चमच्याने खाली ओढ. सलग फिरवलंस की कांद्याचं पाणी सुटतं, तो कडवट लागतो आणि परतताना तांबूस न होता नुसता उकडतो. शेंगदाण्याच्या कुटाचंही तसंच. दाणे भाजून पूर्ण गार झालेले हवेत आणि झटकेच द्यायचे, नाहीतर तेल सुटून कूट गोळा होतो.

वाळवणाचे दिवस आहेत म्हणून चकत्यांबद्दल. वेफर्ससाठी काप करायची चकती, किसासाठी किसणीची. धार वर येईल अशीच चकती बसव. बटाटा नळीत सरळ बसेल असा निवड किंवा कापून घे. तिरका पडला की काप एकीकडे जाड, एकीकडे पातळ होतात, आणि पातळ बाजू तळताना करपते. पुशरवर, म्हणजे नळीतून बटाटा खाली ढकलायच्या दांड्यावर, हात हलका ठेव. जोर लावलास तर काप जाड होतात आणि चकती वाकते. गाजर नळीत आडवं घातलंस तर हलव्याला लांब कीस मिळतो, उभं घातलंस तर आखूड. नळीत बोट कधीही घालायचं नाही, चमचासुद्धा नाही.

गूळ, हळकुंड, सुपारी, बर्फात गोठलेलं काहीही मोठ्या भांड्यात नको, पात्याला खाचा पडतात. गरम पदार्थही नको: वाफेने झाकण उचलतं आणि भांड्याला बारीक चिरा जातात. ताकासारखं पातळ काही फिरवायचं झालं तर भांड्याच्या मधोमध जी नळी असते, तिच्या उंचीच्या बरंच खाली ठेव. त्यावर गेलं की ते नळीतून सरळ मोटरवर उतरतं.

झाकण बसल्याशिवाय मशीन सुरू होत नाही, ती सोय तुझ्या बोटांसाठी आहे. काही जण तिथे काडी खुपसून मशीन उघडंच चालवतात. तू ते करू नकोस. बटण बंद केल्यावर पातं थांबलेलं दिसू दे, प्लग काढ आणि मगच झाकणाला हात लाव. भांडं उपडं करण्याआधी पातं बाहेर काढ, नाहीतर ते घसरून हातावर येतं.

धुताना धारेचं पातं फेसाच्या पाण्यात बुडवून ठेवू नकोस, दिसत नाही आणि बोट कापतं. नळाखाली ब्रशने धू, लगेच पूस. मीठ-लिंबाचा अंश राहिला तर स्टीललाही तांबूस डाग पडतात. भांड्याला तारेची घासणी आणि उकळतं पाणी दोन्ही वर्ज्य. हळदीचा किंवा गाजराचा डाग पडला तर आधी गोडं तेल चोळ, मग साबणाने धू आणि दोन तास उन्हात ठेव. हळदीचा रंग उन्हात उडतो. तुमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं, त्याचा पांढरा थर धरला तर पाण्यात व्हिनेगर घालून पुसून काढ. मोटरचा भाग फक्त ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पूस.

मशीनखाली टॉवेल अंथरू नकोस. हवा खालच्या जाळीतूनच आत जाते. ती कोंडली की मोटर तापते. फ्रीजच्याच एक्स्टेन्शन बोर्डावर हे लावू नकोस, भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लाव.

मोटर फिरते पण पातं फिरत नाही, खरखर येते, खाली काळी भुकटी दिसते: याचा अर्थ कपलर, म्हणजे मोटर आणि पातं जोडणारा दातेरी तुकडा, झिजला. ही स्वस्त वस्तू आहे, घरीही बदलता येते. प्लग काढून खालून शाफ्ट (मोटरचा दांडा) स्क्रूड्रायव्हरने धरून ठेव आणि कपलर फिरव. बऱ्याच मशीनवर त्याची आटी उलटी असते, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. अडलं तर जोर लावू नकोस, दुरुस्तीवाल्याकडे ने. वास येऊन आत ठिणग्या दिसत असतील तर कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, संपत आलेत; ते काम मात्र त्याच्याचकडे. धूर आला तर त्या दिवशी मशीन पुन्हा लावून बघायचंसुद्धा नाही.

मेन रोडवर कपलर आणायला गेलीस तर जुना सोबत ने, दातांची संख्या आणि मधलं भोक ताडून घे. दिसायला सगळे सारखेच असतात.

तुझी,
आई