‘काही नाही’ एवढंच सांगायला केलेल्या फोनबद्दल

आदरणीय हवालदार साहेब,

सप्रेम नमस्कार.

या पत्रात तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हीच म्हणाला होतात, “आमचं नाव कुठं टाकू नका ताई, कौतुक झालं की बदली होते.” हसत म्हणालात, पण मी ते खरं धरलं. तसंही मला तुमचं अर्धंच नाव माहीत आहे. 2025 च्या सुरुवातीला आपल्या बीड जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनी छातीवरच्या पट्टीवरून आडनावं काढायला लावली. आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, त्यानं मोठी पंचाईत झाली. समोरचा माणूस कुठला, कुणातला, हे आडनावावरून ओळखायची आपल्याकडे हाडात बसलेली सवय. त्यांनी त्या पट्टीकडे दोनदा बघितलं आणि गप्प बसले. नुसत्या नावावरून काय कळणार?

अण्णांना लिहिता येत नाही असं नाही, पण पोलिसाला पत्र लिहायचं म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. म्हणून आमच्या चोरीला गेलेल्या बैलांसाठी तुम्ही जे केलंत त्याचे आभार मानायला मी लिहितेय. आणि घरात पाकिटात न घालता असं चारचौघांत लिहितेय, त्याला कारण आहे.

गावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, आणि मधूनमधून पोलीस ठाण्यात द्यायचे अर्ज. या अर्जांत एक शब्द मी इतक्यांदा टाइप केलाय की बोटं आपोआप चालतात: ‘गहाळ’. आठवडी बाजारातून मोटारसायकल उचलून नेली, तरी गहाळ. एसटीत चढताना खिशातून मोबाइल काढला, तरी गहाळ. एका म्हातारीच्या गळ्यातली पोत तोडून नेली होती, मानेवर वळ दिसत होता, तिच्या नातवानंही गहाळच लिहून मागितलं. मी विचारते, चोरी झाली ना? तर म्हणतात, तिकडूनच सांगितलंय असं लिहून आणा म्हणून. गहाळ लिहिलं की गुन्हा नाही, गुन्हा नाही म्हणजे तपास नाही, आणि वर्षाअखेरी ठाण्याचा आकडाही वाढत नाही.

पोलिसांवर विश्वास आहे का, असं आमच्या गावात कुणाला विचारलं तर हो की नाही असं उत्तर मिळत नाही. माणूस उलट विचारतो, “का बरं? काय काम निघालं?”

आमची आजी फौजदाराला शेवटपर्यंत अमीनसाब म्हणायची. निजामाच्या राजवटीतला शब्द. तिच्या आयुष्याचं पंचांगच पोलीस ॲक्शनपासून सुरू व्हायचं. अमक्याचं लग्न ॲक्शनच्या आदल्या साली, तमकी विहीर ॲक्शननंतर. निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणणारी ती कारवाई: 13 ते 17 सप्टेंबर 1948, म्हणजे उणेपुरे पाच दिवस. आलं होतं लष्कर, नाव मात्र पोलिसांचं पडलं. आजी तेव्हा दहा वर्षांची होती. ती सांगायची, गाडीचा आवाज आला की बायापोरं ज्वारीत जाऊन बसायची. गाडी निजामाच्या बाजूच्या रझाकारांची की भारताच्या फौजेची, हे ज्वारीत बसून कळत नसे. हैदराबाद संस्थान गेलं, मराठवाडा महाराष्ट्रात आला, पण गाडीचा आवाज ऐकून आधी लपायचं आणि मग कोण आहे ते बघायचं, ही रीत आमच्या घरात राहिली.

ताजं म्हणाल तर डिसेंबर 2024. 9 तारखेला आपल्याच जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. त्याच महिन्यात परभणीत न्यायालयीन कोठडीत असलेला एक तरुण विद्यार्थी गेला. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या केंद्रातल्या बाकावर पोलीस हा शब्द निघाला की माणसांचा आवाज खाली यायचा. तुम्ही त्याच खात्यात आहात, हे तुम्हाला मी काय सांगावं. पण हे सगळं झाकून तुमचे आभार मानले तर ते खोटे होतील.

आता त्या रात्रीचं. 2025 च्या महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील. घरातलं प्रत्येक माणूस थकून पडलेलं. अण्णा एरवी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यापाशी झोपतात, त्या रात्री घरी थांबले. पहाटे गेले तर दावी कापलेली. हौशा आणि गुलब्या, लाल कंधारी बैलांची जोडी, पोळ्याला रंगवलेली शिंगं अजून तशीच होती. दीड लाखाची जोडी, असं मी म्हणते. अण्णा किंमत सांगत नाहीत. ते म्हणतात, “सहा वर्षांचे होते.”

आधी ज्या ठाण्यात गेलो तिथं तासभर झाडाखाली उभे होतो. मग आतून एक जण म्हणाला, बैल दावं तोडून चरायला गेले असतील, दोन दिवस बघा. अण्णांनी कापलेलं दावं पुढं धरलं. त्यानं ते बघितलंही नाही. मग म्हणाला, आखाडा आमच्या हद्दीत येत नाही. आणि शेवटी तो शब्द आलाच: “तरी बी पाहिजे असंल तर गहाळचा अर्ज देऊन जा.” आयुष्यभर दुसऱ्यांसाठी तो अर्ज टाइप करणारी मी, त्या दिवशी स्वतःच्या बापासाठी टाइप करायची वेळ आली.

तुमच्या ठाण्यात आलो तेव्हा तुम्ही गणपतीच्या रात्रीच्या बंदोबस्तावरून नुकतेच परतला होतात. बूट काढून बसला होतात, डोळे लाल. मला वाटलं, हा माणूस आता आपल्याला हाकलणार. हद्दीचं मीच आधी सांगून टाकलं. तुम्ही बूट परत पायात घालत म्हणालात, “हद्दीचं आता चालत नाही. कुठं बी आलात तरी लिहून घ्यावंच लागतं.” आणि अण्णांना म्हणालात, “बसा, खुर्चीवर बसा. खाली कशाला?”

अण्णांनी कागदाखाली पाचशेची नोट सरकवली होती. मला ते दिसलं आणि लाजेनं मान खाली गेली. तुम्ही पेनच्या टोकानं ती नोट त्यांच्याकडे परत ढकललीत, एक अक्षर बोलला नाहीत, आणि विचारलंत, “शिंगं कशी?”

मग सुरू झाली ती विचारपूस. शिंगं कशी, वळण कुठं, वशिंड केवढं, पाठीवर भोवरा कुठं, कपाळावर किती, खुराला काही जखम. अण्णांचा आवाज इतका वेळ बसलेला होता, तो हळूहळू सुटला. हौशाच्या डाव्या पुठ्ठ्यावरचा भोवरा, जू लागून मानेवर पडलेला घट्टा, लहानपणी कुत्रं चावलं तिथला शेपटीचा वाकडा गोंडा. दीड पान भरलं. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर विचारलात, तेव्हा अण्णा गडबडले आणि तुम्ही त्यांना चांगलंच झापलंत. 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही, कार्ड नीट ठेवायला काय होतं, वगैरे. कार्ड शेवटी पिशवीत पीक कर्जाच्या कागदांत सापडलं. हे झापणंही मी इथं लिहिते, कारण तुम्ही काही देवमाणसासारखे गोड बोलत नव्हता. तोंडात तंबाखू होती आणि माझ्या भावाला अरे-तुरेच करत होता.

फिर्याद वाचून दाखवलीत. ‘कोणीतरी अज्ञात चोरट्याने लबाडीच्या इराद्याने चोरून नेले.’ अण्णांना हे वाक्य फार आवडलं. घरी येताना ते दोनदा म्हणाले, “लबाडीच्या इराद्यानं. बरोबर लिहिलं त्यानं.” गहाळ झाले नव्हते ना ते. कुणीतरी नेले होते. एवढं सरकारी कागदावर यावं, यासाठी माणूस किती आसुसलेला असतो, हे मला इतकी वर्षं अर्ज लिहूनही कळलं नव्हतं. फिर्यादीची प्रत तुम्ही न मागता दिलीत, फुकट.

घरी येऊन मी वाचत बसले. चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगून ठेवलंय. हद्द कुठलीही असो नोंद घ्यायची, हे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. प्रत फुकट द्यायची, हेही कायद्यातच. म्हणजे तुम्ही त्या सकाळी जे जे केलंत, ते सगळं तुमचं कामच होतं. माझा भाऊ तेच म्हणतो, “पगार घेतात की, आभार कशाचे?” त्याचं मला खोडता येत नाही. ज्याचे आभार मानायची वेळच येऊ नये, अशा गोष्टीसाठी मी पत्र लिहितेय, हे मला कळतं.

पंचनाम्याच्या दिवशी मात्र भावाला तुम्ही गप्प केलंत. आखाड्यावर चाळीस माणसं जमली होती, सगळी सल्ला द्यायला. पंच म्हणून दोन सह्या पाहिजेत म्हणालात आणि पाच मिनिटांत आखाडा रिकामा. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे सगळ्यांना पाठ. शेवटी एक निवृत्त गुरुजी आणि शेजारच्या आखाड्यावरचा सालगडी, एवढेच उरले. तुम्ही वही मिटत म्हणालात, “पोलिसावर लोकांचा इश्वास नाही म्हणता. लोकांवर आम्ही कसा ठेवावा, ते बी सांगा.” कुणी काही बोललं नाही. भाऊही नाही. सही करायला तो पुढं आला नव्हताच. आणि तुम्ही त्याला घेतलाही नसता, घरचा म्हणून, हे त्याचं नशीब.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते.

चौथ्या दिवशी तुमचा फोन आला. ठाण्याचा माणूस बोलतोय म्हटल्यावर अण्णांनी मोबाइल माझ्या हातात कोंबला. त्यांना वाटलं, आता आपल्यालाच उचलणार, विमा काढून बैल विकले म्हणून. तुम्ही म्हणालात, “शोधायलोत. अजून काही नाही. सांगावं म्हणून फोन केला.” बस. दहाव्या दिवशी परत: काही नाही. सप्टेंबरच्या शेवटी सिंदफणा नदीला पूर आला, आमच्याकडे सोयाबीन पाण्यात उभं होतं, तुम्ही कुठंतरी नदीकाठच्या बंदोबस्तावर होतात. फोनमध्ये पावसाचा आणि कुणाच्यातरी ओरडण्याचा आवाज. “काही नाही ताई. अण्णांना सांगा.” हौशा सापडेपर्यंत असे पाच फोन आले. पाचही वेळा सांगण्यासारखं काही नव्हतं.

संहितेत एक कलम आहे, तपास कुठवर आला ते फिर्यादीला 90 दिवसांच्या आत कळवायचं. 90 दिवसांत एकदा. तुम्ही दोन महिन्यांच्या आतच पाचदा कळवलंत, आणि ते कलम डोक्यात ठेवून नव्हे, हे मला तुमच्या आवाजावरून कळत होतं. माझ्या केंद्रात येणारी माणसं काय सांगतात माहीत आहे? चोर सापडला नाही, याचं कुणाला फार वाटत नाही. शेतकऱ्याला न सापडणं, न उगवणं, न येणं याची सवय असते. त्यांना लागतं ते हे, की नंतर कुणी काही सांगितलंच नाही. विचारायला गेलं तर ‘बघू’ म्हणतात आणि आपण आलो म्हणून त्रासल्यासारखं करतात. तुमच्या तिसऱ्या फोननंतर अण्णा रात्री नीट जेवायला लागले. तेव्हा बैलांचा पत्ताही नव्हता.

ऑक्टोबरच्या शेवटी हौशा सापडला. तुम्ही त्या दीड पानाचे फोटो लातूरकडच्या हाळी-हंडरगुळीपासून कुठल्या कुठल्या जनावरांच्या बाजारांतल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकले होते. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका माणसानं शेपटीचा वाकडा गोंडा ओळखला. कान फाडून बिल्ला काढला होता, शिंगांवरचा रंग खरवडला होता, पण भोवरा काही खरवडता येत नाही. कोर्टातून बैल सोडवताना सुपूर्तनाम्यावर सही होती: विकणार नाही, बोलावल्यावर हजर करीन. अण्णांनी वकिलाला विचारलं, “हजर म्हणजे, पायऱ्या चढवून आणायचा का?” तुम्ही मागं उभे होतात, तुम्हीही हसलात.

गुलब्या नाही सापडला. हौशा एकट्यानं जुवाला खांदा देत नाही, दुसऱ्या बाजूला बघत उभा राहतो. नवा जोडीदार घ्यायला पैसे नाहीत, यंदा पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं. म्हणजे गोष्ट सुफळ संपूर्ण झाली असं मी म्हणणार नाही. ‘गहाळ’चे अर्जही थांबलेले नाहीत, मागच्याच आठवड्यात तीन केले. फरक इतकाच, की आता अर्ज टाइप करण्याआधी मी माणसाला हद्दीचं आणि फुकट प्रतीचं सांगते. दोघांनी ऐकून घेतलं आणि गहाळच लिहून मागितलं. एक जण मात्र तसाच उठून गेला, काय झालं ते अजून सांगायला आलेला नाही.

तुमची बदली झाली हे कळलं. हे पत्र लिहायच्या आधीच झाली, तेव्हा दोष माझ्यावर नको. तिकडून तुमचे अजून दोन फोन आले, गुलब्याचं काही नाही म्हणून. अण्णांनी तुमचा नंबर मोबाइलमध्ये घालून घेतलाय. नाव काय टाकू विचारलं, तर आडनाव नाही म्हणून अडले. मग म्हणाले, “जमादार, बैलवाले.” तसाच आहे.

गेल्या महिन्यात तुमचा फोन आला नाही. संध्याकाळी अण्णांनी मोबाइल माझ्यापुढं धरला, लावून दे म्हणाले. तुम्ही उचलला तेव्हा ते क्षणभर गडबडले आणि मग म्हणाले, “काही नाही साहेब, सहज. इकडं बी काही नाही.”

आपली नम्र,
तुमच्या एका फिर्यादीची मुलगी
बीड जिल्हा